त्रेसष्टवरचा खड्डा

ओउलू. मार्चचा पहिला आठवडा, उणे अठरा.
जुन्या दूध डेअरीत, लोणी निघायचं त्या खोलीत
रेइयो हाउताला आता आवाज घुसळतो,
दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.
मी मायक्रोफोन घेऊन आले आहे
करंगळीएवढा.
त्याला कुणाचीच भीड नाही.

भिंतींना कान असतात म्हणे.
खोटं. भिंतींना तोंड असतं.
काही बोला, लगेच उलट उत्तर:
आधी बाजूच्या भिंतीचं, मग छताचं,
आणि मागच्या भिंतीचं
कानामागून येऊन तिखट झालेलं.
रेइयोने सगळ्यांची तोंडं बांधली आहेत.
दगडी लोकर, वीतभर जाड, वर राखाडी कापड,
कोपऱ्यांत छतापर्यंत गठ्ठे,
कारण खर्ज कोपऱ्यातच दबा धरून बसतो.
दार लावलं की ऐकू येतो
फक्त स्वतःचा आवंढा.

त्याच्या डोक्याच्या जागी मी मायक्रोफोन उभा करते.
वीसपासून वीस हजारांपर्यंत
एक स्वर चढत जातो, भूत जिना चढल्यासारखा,
आणि पडद्यावर रेघ उमटते.
त्रेसष्टवर खड्डा.
अकरा डेसिबल.

स्पीकर चार बोटं पुढे. दोन बोटं मागे.
जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या खुणाच खुणा.
खड्डा सरकतो, भरत नाही.
"वाढव ना तिथे," वेइक्का म्हणतो. तो एकोणीस वर्षांचा आहे.
वाढवून काय?
जितकं ओताल तितकं खोली पिऊन टाकते.

मग तुलना. काळ्या पडद्यामागे तीन जोड्या,
दोन मी आणलेल्या, एक त्याची, तेवीस वर्षांची.
अ, ब, क. वेइक्का बटणं बदलतो.
रेइयो डोळे मिटून तीनदा सांगतो: ब.
"धुकं हटल्यासारखं."
मी पुन्हा मोजते. ब अर्ध्या डेसिबलने मोठा आहे,
चूक माझीच.
अर्ध्या डेसिबलवर माणूस भाळतो.
(माझं पहिलं लग्न असंच झालं.)
समान केल्यावर त्याला काही सांगता येईना.
अकरा हजारांच्या वर त्याला ऐकूच येत नाही,
हे आम्हा तिघांना माहीत आहे.
वेइक्का तिथे डास चावल्यासारखा चेहरा करतो
आणि मग ओशाळतो.

जेवणाआधी, उगाचच,
मी मायक्रोफोन मागच्या सोफ्यावर नेला.
तिथे कॉफीचे डाग आहेत, गिटारच्या तारांची पाकिटं आहेत,
वाद्यं वाजवून झाली की लोक तिथे बसायचे.
रेघ वर-खाली, वेडीवाकडी,
पण त्रेसष्टवर सपाट.

रेइयो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
"तिथून ते म्हणायचे, खर्ज जास्त झालाय.
सगळे म्हणायचे.
मी म्हणायचो, तिथून कळत नाही, इकडे या."
मग जरा थांबून,
"केमीला माझी बहीण असते.
माझी रेकॉर्ड लावली की तिच्या स्वयंपाकघरात चमचे वाजतात.
मी म्हणायचो, तुझे चमचेच हलके."

त्याने एक जुनी रेकॉर्डिंग लावली,
कुठली ते मी विचारलं नाही,
आणि सोफ्यावर जाऊन बसला
पाहुण्यासारखा, हात गुडघ्यांवर.
पहिलं गाणं संपलं. दुसरं त्याने मध्येच थांबवलं.
"हे सगळं परत करावं लागेल?"
विचारलं कुणाला, कळलं नाही.
भिंती तर बोलणार नव्हत्या.

वेइक्काने खुर्ची उचलून बाजूला ठेवली.
खाली गालिच्यात पाच चाकांचे पाच खळगे,
प्रत्येक पेरभर खोल.
रेइयो वाकला, एका खळग्यावरून अंगठा फिरवला,
लोकर उलटी घासून पाहिली.
मी केबल गुंडाळायला घेतली होती.
"राहू दे," तो म्हणाला, "आज इथूनच ऐकू,"
आणि सोफ्यावरची पाकिटं झटकून
आम्हा दोघांना जागा केली.