जांभूळ, फाल्गुनापर्यंत

आषाढात चोइथराम मंडीतून अकरा किलो आणली.
रिक्षावाल्याने सीटवर पेपर पसरायला लावला,
तरी डाग पडलाच. बाबांनी बोटाने घासून पाहिला
आणि खूश झाले, "पक्का आहे."

सव्वीस वर्षं मिलच्या रंगखात्यात.
कोरान्ने मास्तरांनी पास केलेलं ठाण
धुण्याच्या सोड्याला भीत नाही, असं म्हणत.
म्हणणारे आता तीनच उरले,
त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

नंदानगरच्या मागच्या खोलीत काचेची बरणी,
तोंडाला धुवट मलमल,
साखर, बेकरीतलं चिमूटभर यीस्ट,
बाकी सगळं जांभळाच्या मर्जीवर.
पहिला आठवडा ती रात्रीची बोलायची,
बुडबुड, थांबून बुडबुड,
पाण्याखाली कुणी हिशेब जुळवत असल्यासारखी.
रंग असा, की बुडवलेला चमचा दिसेनासा व्हावा.
जुन्या शेड-कार्डाच्या कोऱ्या पाठीवर
बाबांनी एक थेंब टाकला, खाली तारीख.
दर महिन्याला एक थेंब.

भाद्रपदात दाट. दिवाळीला उजेड आरपार दिसायला लागला.
मार्गशीर्षात मी पाहिलं, बोलले नाही.
संक्रांतीला बाबाच म्हणाले, "शेड हलतेय."

मग चौकशी बसली.
मलमल सैल होती का? हवा शिरली का?
केर काढताना मी पडदा उघडा ठेवते,
दुपारचं ऊन बरणीच्या खांद्यावर टेकतं,
हे मला माहीत होतं.
तळाशी बोटभर गाळ, जांभळट करडा,
निम्मा रंग तिथेच निजलेला.
"कापडात धागा असतो," बाबा म्हणाले,
"रंगाला धरायला काहीतरी असतं. इथे नुसतं पाणी."

परदेशीपुऱ्याच्या कोपऱ्यावर माझं पार्लर आहे.
मी बायकांना सहा आठवड्यांचा काळा रंग विकते.
सातव्या आठवड्यात त्या भांगावर बोट ठेवून येतात,
मी त्याला तक्रार म्हणत नाही, गिऱ्हाईक म्हणते.
हे बाबांना सांगायचं धाडस झालं नाही.

बशीत दोन चमचे वाइन, वर लिंबाचा थेंब,
आणि रंग झटकन परतला,
कुणी नावाने हाक मारल्यासारखा.
बाबा खुर्चीतून उठले. "गेलेला नाही, रुसलाय."
पण बरणीभर लिंबू पिळायचं तर प्यायचं काय?
चाखून पाहिलं, दात आंबले.
बशी सिंकमध्ये.

मग कार्ड काढलं, मूळ शेड ताडून बघायला.
खणात, अंधारात जपलेला पहिला थेंब
चहाच्या डागासारखा तपकिरी.
आठही थेंब तसेच, सख्खी भावंडं.
चष्मा पुसून बाबांनी पुन्हा पाहिलं,
मिल बंद झाली तेव्हाही विचारलं नव्हतं
अशा आवाजात विचारलं, "नक्की कसा होता गं?"
"गडद," मी म्हणाले.
"गडद हा रंग नसतो, वृंदा."

दुसऱ्या दिवशी मला तोच रिक्षावाला भेटला.
सीट-कव्हर बदललं होतं. रेक्झिन, हिरवं.

रंगपंचमीला गेर राजवाड्याकडे निघाली.
आमच्यापर्यंत रंग नाही, फक्त ढोल पोचला.
बाबांनी बाटली उघडली.
पेल्यात कांद्याच्या सालीइतका फिका उजेड.
शेजारच्या शितोळ्यांनी विचारलं, "सफरचंदाची का?"
बाबा "हो" म्हणाले.

शितोळे गेल्यावर मी घोट घेतला.
जिभेच्या कडांना तोच तुरटपणा,
गालांना आतून ओढून धरणारा,
बीपर्यंत पोचल्यावर लागतो तो.
मी जीभ बाहेर काढली,
लहानपणी जांभळं खाल्ल्यावर दाखवायचे तशी.
बाबा वाकले. बराच वेळ पाहत राहिले.
मग मनगट धरून मला उठवलं,
"इथे नाही दिसत. ऊन खोटं बोलतं.
उत्तरेच्या खिडकीशी ये."