पावतीच्या मागचा नकाशा

रात्री दोनला उतरतात माणसं,
विमानातल्या झोपेची घडी गालावर घेऊन,
आणि किल्ली हातात पडायच्या आत विचारतात,
काय खायचं? काय बघायचं?
काउंटरवर छापील पत्रक आहे. राजवाडा, सोन्याचा बुद्ध,
नदीतल्या बोटीवर जेवण, माणशी इतके बात.
ते मी देते. नोकरीच आहे ती.

तुम्ही मात्र पत्रक उघडलं नाहीत.
थांबा, पेन कुठे गेलं.

हे आपलं हॉटेल. हा कालवा.
सकाळी सहाला पुलावर जा, सहा म्हणजे सहा.
पुलाखाली एक बाई बिडाच्या पात्रात
नारळाच्या दुधाचे खनोम क्रोक घालते, आप्प्यांएवढे.
कांद्याची पात घातलेले मागा.
गोडात कांदा म्हणून नाक मुरडलंत
तर ती पुन्हा विचारायची नाही.

मग बोट. कालव्यातली, आमची, कामावर जायची.
पाणी काळं आहे, वास येईल.
शेजारच्यानं ताडपत्रीची दोरी ओढली की आपणही ओढायची,
ओळख लागत नाही त्याला.
कंडक्टर प्रानोम बोटीच्या कडेवरून चालते, बाहेरून,
डोक्याला हेल्मेट, पायाखाली चार बोटं लाकूड.
पूल आला की वाकते,
बोलणं मध्येच न तोडता.
बघायचं म्हणालात ना?

दुपारी कुठेही जाऊ नका.
दुपार आमचीसुद्धा नसते.
मॉलमध्ये बसा, गारवा फुकट आहे.

संध्याकाळी नदी ओलांडून तलात फ्लू.
बाजार रुळांच्या अंगाला अंग लावून बसलाय.
डावीकडे रांग दिसेल, ती फोटोंची आहे, सोडा.
नाकासमोर चालत राहा. सोनार,
मग शवपेट्यांचं दुकान, त्याला लागून

इथे मी फुली मारते.

इथे बाबांची गाडी होती. बदकाचं सूप, तांदळाच्या शेवया.
रस्सा रोज वाटीभर मागे ठेवायचे
दुसऱ्या दिवसासाठी, विरजणासारखा.
एकवीस वर्षं एकच रस्सा.
आता गाडी नाही, बाबा नाहीत,
पातेल्यात भाऊ मासे पाळतो.
हे मी कुणाला सांगत नाही.
हात तिथे जातो, फुली पडते.

एकानं तक्रार लिहिली, चुकीची माहिती.
मॅनेजरनं वाचून दाखवली.
मी हात जोडून माफी मागितली
आणि आठवडाभर नकाशे फुलीशिवाय दिले.
कोरे नव्हते, पण कोरेच वाटायचे.

मग एक कोरियन म्हातारी आली, ओक-बून,
जुन्या पावत्यांतली एक तिच्या हाती लागलेली.
रात्री परतली, चपला हातात.
म्हणाली, तिथे काही नव्हतं.
हो, म्हटलं मी.
म्हणाली, पेट्यावाल्यानं स्टूल दिलं.
त्याला वाटलं, मी गिऱ्हाईक.
हसलो दोघी.
मग गाडी गेली, रुळांवरची, इतकी जवळून
की माझे गुडघे मीच मागे ओढले.
नंतर तो हातांनी बोलत राहिला. बदक. वाफ. वाडगा.
आणि सारखी चिमटी, वरून टाकल्यासारखी.
मीठ कमी असायचं का हो तिथे?

कमीच असायचं.
आई रोज भांडायची त्यावरून.

तिची लिफ्ट आली, ती गेली.
मी बराच वेळ
त्याच हातांनी पासपोर्टांच्या झेरॉक्स काढल्या.

तुमची खोली चारशे सात. पंखा तीनवर ठेवा,
चारवर कुरकुरतो.
आणि हा घ्या.
शाई संपत आलीय, फुली फिकी उमटलीय.
उजेडात धरलीत तर दिसेल.