किती झाले

कॅनडा कॉर्नरला, दातांच्या दवाखान्याच्या वर
आमचं ऑफिस.
इथे लोक पैसे सोडून जातात,
सोडून म्हणजे हक्क सोडून.
पावती फाडली की रक्कम त्यांची राहत नाही.
राहतो तो फक्त सल्ला:
कुणाला द्यावं, किती, कधी.
सल्ला आला की आम्ही चेक लिहितो.
नाही आला तर नाही लिहीत.

क्षेमकल्याणींचा सल्ला सहा वर्षं आला नाही.

सातपूरचा कारखाना विकला तेव्हा
त्यांनी बायकोच्या नावाने निधी ठेवला.
मार्च अखेर. करसवलतीचा दाखला मीच टाइप केला,
'दान' हा शब्द त्यात तीनदा आला.
मग दर एप्रिलला ते जिना चढून येत,
धाप ओसरली की विचारत, "किती झाले?"
मी आकडा सांगे. ते "वा" म्हणत.
मण्यातली साखर मोजत बसावं
आणि तोड लावूच नये, असं चाललेलं.

आकडा दोनदा सांगावा लागे.
चाळीस वर्षं पत्रा ठोकण्यात गेलेली,
दोन्ही कानांत यंत्रं.
दुसऱ्यांदा मी इतकी मोठ्याने बोले
की खाली आ वासून बसलेल्यांनाही
क्षेमकल्याणींचं व्याज कळत असणार.

मागच्या एप्रिलला आकडा अर्धा सांगून झाला
आणि त्यांचा हात कानाकडे गेला.
"सेल गेला," म्हणाले. खिसे चाचपले.
शरणपूर रोडवरून मीच आणले, सहाचं पान.
येऊन बघते तर टेबलावरचं पत्र वाचतायत,
पेठच्या हिराबाई गावितांचं,
आमच्याकडे चौदा महिने पडलेलं.

'मशिनं पुष्कळ मिळाली. मागल्या साली तेवीस.
देणाऱ्यांनी फोटो काढले.
सेल दहा दिवसांत संपतात, इथे मिळत नाहीत,
नाशिकला यायचं तर दिवस मोडतो.
सध्या मशिनं कपाटात आहेत.
एक मुलगी तेवढी रोज घालून येते, बंद असलं तरी.
बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा पगार थकला आहे.
जमल्यास कळवावे.'

त्यांनी पान माझ्या हातातून घेतलं,
एक सेल सोलून कानात बसवला.
मग उरलेल्या पाचांकडे बघत राहिले.

"हे मला का नाही दाखवलं?"
मी खरं ते सांगितलं: तुम्ही विचारलं नाही.
तुम्ही 'किती झाले' विचारता.
ऐकू गेलं का, कळेना.
हे वाक्य मात्र मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

"लिहा सल्ला," म्हणाले, आणि लगेच, "थांबा.
आधी त्यांना विचारा, काय हवं."
फोन लावला. घाटात रेंज तुटत होती,
इकडून हे "काय? काय?", तिकडून त्या.
सेल, पगार, जीपचं डिझेल. तीन वर्षांचं.
कारखानदार तो कारखानदार,
सेलचा घाऊक भाव त्यांनी तिथेच काढला.
फोटो नको म्हणाले. हिशेब हवा,
एका पानात, अर्जाचं पुस्तक नको.
ठेवता ठेवता हिराबाई म्हणाल्या,
सुरगाण्यालाही एक शाळा आहे, त्या लाजतात,
त्यांना तुम्हीच फोन करा.

केला. नंतर हरसूलला. तिथल्यांनी आधी
आम्हाला विमा विकणारे समजून फोन आपटला.

माझ्या कपाटात अजून एकेचाळीस खाती आहेत.
त्या सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत.
आता मी आकड्याच्या कागदाला
एक पत्र टाचून पाठवते. न विचारता.
साहेबांना हे अजून माहीत नाही.

या एप्रिलला क्षेमकल्याणी आले,
जिना चढायला जास्त वेळ लागला.
बसले, आणि सवयीने, "किती झाले?"
कमी झाले, मी म्हटलं.
"काय?"
कमी झाले!
खाली ड्रिलचा आवाज थांबला.
"वा," ते म्हणाले, आणि पाणी मागितलं.