ऐंशी रकाने

काटोल रोडच्या कचेरीत एसी एकाच खोलीला होता
आणि तो माणसांसाठी नव्हता.
मे महिन्यात आम्ही वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचो,
निमित्त काढून यंत्राच्या दाराशी उभ्या राहायचो.
चवरे साहेब म्हणायचे, "बाई, दार लावा. धूळ येते."

मी पंच ऑपरेटर.
एका कार्डावर ऐंशी रकाने, एका कार्डावर एक घर:
इतवारीतले जैस्वाल, जरीपटक्यातले लालवानी,
तेवीस युनिट, एकतीस युनिट.
चुकलं की कार्ड फेकायचं.
भोक बुजवता येत नाही.

मग दिल्लीतलं सरकार पडलं. पेढे वाटले आम्ही.
पुढच्या साली यंत्राची कंपनीच देश सोडून गेली;
चवरेंच्या हातात किल्ल्यांचा जुडगा
आणि इंग्रजीतली सात जाडजूड पुस्तकं.
"आता आपलं आपल्यालाच," ते म्हणाले,
अभिमानानं की भीतीनं, कळलं नाही.

कार्ड ओढणारा पट्टा तुटला तेव्हा
त्यांनी इतवारीतून शिलाई मशीनचा आणला,
दोन बोटं कापून बसवला.
चालला.
स्वावलंबन हा शब्द भाषणांतून पुष्कळ ऐकला,
मला मात्र त्याला रबराचा वास येतो
आणि तो जरा सैलच वाटतो.

एका हिवाळी अधिवेशनावर युनियननं मोर्चा नेला,
संगणक नको म्हणून.
मीही गेले. झिरो माइलपाशी अडवलं.
घोषणा देता देता मुक्ता रामटेके कानाशी म्हणाली,
"काहून वरडून राहिली व? तुह्यंच तं यंत्र हाय."
पुढच्या घोषणेला माझा हात वर गेला,
आवाज नाही.

नंतर कुणी जकात कमी केली, कुणी दारं उघडली,
थर्माकोलात गुंडाळलेली खोकी आली.
जुनं यंत्र किलोवर गेलं.
कबाडी काटा लावत होता,
चवरेंनी वाकून आधी तो पट्टा काढला,
खिशात घातला, आणि सही केली.

परवा पुन्हा निकाल लागले.
भाचा मिहानात आहे, त्याला विचारलं,
"तुमच्याकडे काय बदलणार?"
"आमचं काही नाही, मावशी. सर्व्हर बाहेर असतो."

आमचा पट्टाही बाहेरूनच यायचा, बाबा.

तो हसला. त्याला वाटलं, मी चपलेचं बोलतेय.
मी उठले, कूलरमध्ये पाणी ओतलं.