फक्की

सोमवारी सकाळी फुटबॉलचं मैदान आखून झालं
की तेच यंत्र ढकलत मी ग्रंथालयामागे येतो.
तीस फूट बाय वीस.
चार खुंट्या, एक दोरी, वरून पांढरी फक्की.
आत उभं राहून बोलायला परवानगी,
बारा ते दोन,
तीन दिवस आधी अर्ज दिला असेल तर.
कागदोपत्री : मुक्त अभिव्यक्ती क्षेत्र.
आम्ही हिरवळीवरची माणसं म्हणतो, खुराडं.

पूर्वी हा चौकोन घंटाघरापाशी होता.
मग कुणा देणगीदाराच्या कानावर काहीतरी पडलं
आणि तो सायकलींच्या कठड्याकडे सरकला,
तिथून इथं,
जिथं वातानुकूलनाची धुडं दिवसभर घरघरतात
आणि पलीकडे नेब्रास्काचा मका, क्षितिजापर्यंत, मुका.
मीच सरकवला. दोरी माझी, हात माझे.
मला कुणी विचारलं नाही,
मीही कुणाला विचारलं नाही.

ऑक्टोबरात मार्लिस नोव्होत्नी उभी राहिली.
दुसरं वर्ष, मृदाशास्त्र, आवाज सुतासारखा बारीक.
ऐकायला तिघं. त्यातला एक
सँडविच संपायची वाट बघत होता.
धुडं सुरू झाली तसं तिचं बोलणं बुडालं,
म्हणून ती बोलत बोलत पुढे आली, ऐकणाऱ्यांकडे,
कुणीही येईल तशी.
एक पाऊल रेषेबाहेर.

लेलँड पहारेकरी बरा माणूस आहे.
म्हणाला, पोरी, जरा मागे हो.
ती झाली.
बाहेरच्या गवतावर तिच्या बुटाचा पांढरा ठसा राहिला,
अर्धाच, टाचेशिवाय.

आणि वारा आला.
आमच्याकडचा वारा अर्ज भरून येत नाही.
तिच्या हातातले कागद उडाले ते थेट पार्किंगपर्यंत.
वरून फोन : हद्दीबाहेरचं साहित्य, ताबडतोब उचला.
मी उचलले. मोजले. एक्केचाळीस.
साहित्य वाचायची आम्हाला सवय नाही,
पण एक कागद माझ्या ट्रकच्या काचेवर चिकटला होता,
अक्षरं माझ्याकडे तोंड करून.

जानेवारीपासून कमी होणारे तास :
भांडारगृह, सहा जण.
स्वयंपाकघर, चौदा.
हिरवळ विभाग, अकरा.

अकरा म्हणजे आम्हीच.
मी, रस्टी, दोघे ओकाम्पो भाऊ, आणि बाकीचे.
आम्हाला अजून कुणी सांगितलं नव्हतं.
त्या पोरीला कुठून कळलं, देव जाणे.
चाळीस कागद पोत्यात घातले.
एक्केचाळिसावा खिशात.

गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत,
गुडघ्यांवरचं गवत झटकून मी कार्यालयात गेलो.
म्हटलं, तो अर्ज द्या. चौकोनातला.
खिडकीतल्या बाई हसल्या, वाईट नाही हसल्या.
तो विद्यार्थ्यांसाठी असतो, ऑर्विल.
आणि आमच्यासाठी?
त्यांनी एक खण उघडला, दुसरा उघडला,
मग म्हणाल्या, तसा काही छापलेलाच नाही.

बाहेर आलो.
यंत्र दारातच उभं होतं.
पिंपात अजून अर्धी थैली फक्की.