फेरी सुटली की

भाचीने बंगळुरूहून एक टोमॅटो पाठवला.
प्लास्टिकचा. पिळला की टिकटिकतो.
पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम,
असं चार वेळा, मग मोठी सुट्टी.
मावशी, तुझी एकही तारीख चुकणार नाही, म्हणाली.

रायबंदरच्या खाऱ्या हवेने दोन महिन्यांत
त्याची स्प्रिंग खाल्ली.
आता तो एकोणीसवर येऊन अडतो
आणि दिवसभर माझी
एकोणीसच मिनिटं उरलेली असतात.

म्हणून मी फेरीबोट लावते,
गजर लावावा तशी.
खिडकीतून धक्का दिसतो.
रॅम्प उचलला, साखळी खणखणली
की दस्ताच्या ओळीवर बोट ठेवते.
एक बोट कागदावर, एक पाण्यात.
पाण्यातलं चोडणला टेकून,
स्कूटरी आणि मासळीच्या पाट्या बदलून
परत येईपर्यंत कागदावरचं उचलायचं नाही.
फोन तांदळाच्या डब्यात. चहा बंद.
दार वाजलं तर आतूनच ओरडते, मध्यावर आहे मी!
शेजारची आंजेलिन आता विचारत नाही, कशाच्या.

काम तसं रुक्षच.
वकील धुम्यांसाठी जुनी पोर्तुगीज विक्रीखतं मराठीत आणायची.
एक भाट, सात वारस,
आणि नोटरीचं अक्षर सुकटासारखं,
डोकं कुठलं, शेपूट कुठलं!
एका फेरीत सहा ओळी होतात.
शाई फुटलेली असली तर दोन.
वहीत प्रत्येक फेरीची एक उभी रेघ, पाचवी आडवी;
कैदी भिंतीवर ओढतात तशा,
फक्त मी आत जाण्याच्या मोजते.

बोट धक्क्याला लागलेली असते, तेवढा वेळ माझा.
मनगटं नळाखाली धरते. लोणच्याच्या बरणीत चमचा.
दोर फेकणारा फोंडू विडी पेटवतो
तेव्हा मी पाय लांब करते.
त्याला काय ठाऊक
माझी तीन विक्रीखतं त्याच्या हातून पुरी झाली.

काल तिसऱ्या प्रहरी बोट मधेच थांबली.
इंजिन दोनदा खोकलं, मग गप्प.
ओहोटी लागली होती.
बोट हळूहळू पणजीकडे तोंड फिरवून
मांडवीबरोबर निघाली.
हे सगळं नंतर कळलं.
मी नियमाप्रमाणे मान खाली घातलेली.
सहा ओळी झाल्या, बारा झाल्या, पान उलटलं.
पोदेराचा भोंगा येऊन गेला, पाव घ्यायचे राहिले.
आणि दिवेलागणीला, एकोणीसशे अकराच्या कागदात, हे:

पूर्वेची हद्द. मानशीपासून बांधावरून
एक विडी संपेपर्यंत चालावे. तेथील काजू.

तीनदा वाचलं.
कोणाची विडी?
चालणारा तरणा होता की दमेकरी?
वारा होता का त्या दिवशी, समोरून की पाठीमागून?
सात वारस त्या एका काजूसाठी
बावीस वर्षं तारखा घेतायत,
आणि तो उभा आहे
कुणाच्या तरी शेवटच्या झुरक्यापाशी.

उठले. गुडघे वाजले.
नदीवर अंधार, बोटीतल्या माणसांचे मोबाईल पेटलेले,
दुसरी बोट दोर घेऊन त्यांच्याकडे निघालेली.
कठड्याशी एक लाल ठिणगी
मोठी होत होती, बारीक होत होती.
फोंडूच असणार.
ती विझेपर्यंत पाहत राहिले.
किती वेळ, ते टोमॅटोला विचारायचं.

रात्री वही उघडली, तर ही फेरी मांडायची कशी कळेना.
एक रेघ कमी, दहा जास्त.
शेवटी मांडलीच नाही.
भाषांतरात विडी विडीच ठेवली,
आणि समासात वकिलांसाठी पेन्सिलीने लिहिलं:
अंतर अनिश्चित,
ओढणाऱ्यावर अवलंबून.