टाकी

फाल्गुनातली सकाळ. स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये
गोणपाटात गुंडाळलेला आईचा पाटा.
अक्कलकोट रोड सोडून आत वळले. डांबर संपलं
तिथून पुढे नुसती खडी.
कुणी पसरलेली नाही,
ट्रकांतून सांडून सांडून झालेला रस्ता.

सोलापुरात टाकी लावणारं कुणी उरलं नाही.
मंगळवार बाजारात विचारलं,
एक जण म्हणाला, मिक्सर घ्या की ताई.
दुसरा म्हणाला, काळेखडीला एक बाई आहे.
असली तर.

आधी लागतो बंद क्रशर,
पट्ट्यावर साळुंक्या ओळीनं बसलेल्या,
वजनकाट्याच्या खोलीत कडबा रचलेला.
मग घरं. भिंती बुरुजाच्या,
वर पत्रा, पत्रा उडू नये म्हणून पुन्हा दगड.
आणि दारोदार कडुनिंबाला तांबूस पालवी,
मोठ्यानं बोललं तर फाटेल अशी.
इथं दिवसातून दोनदा सुरुंग उडायचे म्हणे.
पालवी तेव्हाही फुटत असणार.

हुलगव्वा शेवग्याखाली बसली होती, फुलं केसांत पडलेली,
तिला पत्ता नाही.
पाटा उलटा केला, बोटाच्या पेरानं ठोकला,
थुंकीचं बोट फिरवलं.
"वरच्या थराचा हाय. फुकाट मिळाला म्हनून नेला आसंल कुनी."
आई जन्मभर सांगत आली होती,
माझ्या लग्नातला, पारखून घेतलेला.
आई असती तर भांडली असती.
मी म्हटलं, लावा टाकी.

तिनं न विचारता सांगितलं:
चांगला दगड खाली हाय, तळाला. निळा.
घन मारला की घंटीवानी वाजायचा.
परवाना गेला, पंप नेले, पानी चढलं.
मालक आमचे पुन्यात. लिफ्टमंदी बसत्यात.
मानसं आली की बटन दाबायचं.
वर, खाली.
एवढं म्हणून ती हसली, आणि छन्नी तिरपी धरली.

तोवर मी खाण बघून आले.
पाणी हिरवं, तळ दिसत नाही.
उभ्या कड्यावर सुरुंगाच्या अर्ध्या नळ्या,
एकीत पाकोळीचं घरटं.
दोन पोरं गळ टाकून, एकमेकांशी अबोला धरल्यासारखी.
कडेच्या एकुलत्या पळसाची फुलं
पाण्यावर पडतात आणि बुडत नाहीत.
खालच्या पायरीवर एक जातं,
गोल आखलेलं, अर्ध्यापर्यंत कोरलेलं,
बाकी अर्धं अजून डोंगरात.
कुणीतरी जेवायला उठलं असावं.
मागून येत होतं
टक् टक्, टक्,
टक् टक्,
आणि कड्यावरून तेच, जरा उशिरा,
जणू पलीकडे आणखी कुणी कामावर आहे.

परतले तर पाट्यावर नव्या खाचा,
कोंबडीनं अंगण उकरावं तशा, पण रांगेत.
एकशे वीस रुपये.
"पैलं वाटान टाकून द्यायचं. दुसरंबी.
तिसरं खावा."

पहिलं टाकलं. दुसरंही.
तिसऱ्या दिवशी लसणाची चटणी,
आणि पहिल्याच घासाला धाकट्याच्या दाताखाली
कचकन.
खडा आहे, तो म्हणाला.
मी म्हटलं, वरचा थर आहे.
आणि चटणी पुन्हा वाढून घेतली.